युरोपात खेळलेला पाव्हणा

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात आमच्या माडीवरच्या खोलीत एक नायजेरियन फुटबॉलपटू राहून गेला. तो युरोपातल्या क्लबांकडून खेळलेला आहे, असं त्याला आणणारे सांगत. गावात यावर कुणाचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता.

मी तेव्हा एका शाळेत खेळाचा मास्तर होतो. आमचं गाव तालुक्याचं, लातूर जिल्ह्याच्या पार टोकाला. थोडं पुढं गेलं की नांदेडची हद्द. त्या वर्षी बोलायला विषय दोनच होते, पाणी आणि नवा जिल्हा. आमचं गाव जिल्हा होणार अशी हवा अधूनमधून उठायची आणि विरायची, पण त्या वर्षी ती फार जोरात होती. शेजारच्या तालुक्याचं गावही तोच हक्क सांगत होतं. त्यामुळं तिकडचा माणूस आमच्या बाजारात दिसला की लोक विचारायचे, हा कशाला आला असंल? टँकर कुठल्या गल्लीत आधी गेला, कुणाच्या अंगणात दुपारी ओल दिसली, कुणाचे कपडे जास्त पांढरे दिसतात, सगळ्यावर नजर असायची.

जिल्ह्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष मोंढ्यातले एक मोठे आडत व्यापारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलणं कमी. त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं.

"सर, जिल्हा म्हणलं की मैदान पाहिजे. मोठाले पाव्हणे येतील, बघतील, असं कायतरी उभं करा."

आमच्याकडं मोहल्ल्यांतून निजामाच्या काळापासून फुटबॉल आहे, म्हणून मी फुटबॉलच्या स्पर्धा सुचवल्या. अण्णा हो म्हणाले. आठ दिवसांनी त्यांनीच सांगितलं की हैदराबादच्या एका ओळखीच्या माणसानं आपल्या संघासाठी खेळाडू दिलाय, युरोपात खेळलेला.

"युरोपातला माणूस आपल्याकडं कशाला येईल, अण्णा?" मी विचारलं.

"ते मलाबी कळंना. तुम्हीच नजर ठिवा त्याच्यावर."

देगलूरवरून येणाऱ्या गाडीतून तो भर दुपारी उतरला. उंच, डोक्याचा चकोट केलेला, पस्तिशीच्या आसपासचा, एका खांद्यावर बॅग. उजव्या पायावर भार देताना किंचित थांबायचा. स्टँडसमोरच्या लॉजवाल्यानं त्याला दारातूनच परत पाठवलं. "पाणी न्हाई सर आमच्याकडं, आन् पोलिसांची कटकट कोण करून घेईल?" मग मी त्याला घरी आणलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

बायकोनं त्याला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "एवढा मोठा माणूस, खेळून घामाघूम होणार, रोज किती घागरी पाणी घेणार तो? आधीच सांगून टाका."

मी सांगण्याआधी त्यानंच विचारलं, पाणी कुठून येतं आणि कधी येतं. आंघोळीला तो एका तांब्यात भागवायचा. ओल्या फडक्यानं अंग पुसायचा, उरलेलं पाणी अंगणातल्या जास्वंदीला घालायचा. यावर बायकोचा संशय वाढलाच. "एवढ्याशा पाण्यात कोण राहतं? बाहेर कुठंतरी आंघोळ करून येतो का बघा." नंतर कळलं की त्याच्या लहानपणी, लेगॉसमध्ये, पुलाखालच्या वस्तीत पाणी हातगाडीवर विकत मिळायचं.

तो हैदराबादेत काही महिने राहिला होता, त्यामुळं त्याची हिंदी आमच्या ओळखीची होती. "नक्को भाभी, बस है," असं म्हणाला की बायकोला हसू यायचं. माझ्याशी तो निम्मं इंग्रजीत, निम्मं त्या हिंदीत बोलायचा.

परदेशी माणूस घरात ठेवला म्हणून मला त्याला घेऊन पोलीस ठाण्यात जावं लागलं. जमादारानं त्याचा पासपोर्ट मागितला आणि साहेबांना दाखवून येतो म्हणून उठला. तर हा पासपोर्ट सोडेना. एक टोक जमादाराच्या हातात, दुसरं याच्या.

"मैं साथ आता," तो म्हणाला. "किताब अकेली नक्को जाती."

जमादार मला म्हणाला, "सर, ह्याचं कायतरी लफडं हाय. सरळ माणूस असं करत न्हाई." त्यानं मोबाईलवर पासपोर्टमधलं नाव टाकून बघितलं. त्या नावाचा फुटबॉलपटू कुठंच नव्हता. एक डॉक्टर निघाला, एक गाणारा निघाला. जमादारानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "ह्यो युरोपवाला?"

आमच्या पाव्हण्यानं मोबाईलकडं बघितलं आणि पासपोर्ट खिशात घातला. माझी खात्री झाली की आपल्याला फसवलंय. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मोंढ्यात पोचली. अण्णांनी निरोप पाठवला, आता पत्रकं छापून झालीत, स्पर्धा होईपर्यंत गप्प बसा.

दुसऱ्या दिवसापासून तो भल्या सकाळी मैदानावर जायला लागला. मैदान म्हणजे बाजार समितीच्या मागची काळ्या मातीची मोकळी जागा. पाऊस नसला की ती माती फाटते. भेगेत हात जावा एवढी. अण्णांनी गुत्तेदाराकडून वरून मुरूम टाकून रोलर फिरवून घेतला होता. वरून कसं गुळगुळीत, लाल, बघत राहावं असं. हा गडी माझ्या घरातली पहार घेऊन जायचा आणि वाकून, दहा ठिकाणी थांबत, टाच आपटत चालायचा. मध्येच पहार रुतवायचा, कान लावायचा, तिथं दगड ठेवायचा.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नीचे खाली है, सर. ऊपर मेकअप."

ते खरं होतं. मुरमाच्या खाली भेगा तशाच होत्या. तो घमेल्यानं माती आणून त्या भरायचा, पायानं दाबायचा. मी अण्णांना सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "गुत्तेदारानं काम चोख केलंय. ह्याला खेळायचं नसंल म्हणून निमित्त काढून राहिला."

गावानं मात्र वेगळाच अर्थ लावला. आधी लोक म्हणाले, गुप्तधन शोधतोय. आफ्रिकेतल्या लोकांना तसलं कळतं, असं कुणीतरी छातीठोक सांगितलं. मग दोन दिवसांत बोलणं फिरलं. पहार रुतवून कान लावतो म्हणजे हा पाणाड्या आहे, जमिनीतलं पाणी ओळखतो. त्या उन्हाळ्यात धनापेक्षा पाण्याची भूल मोठी होती. ज्या लॉजवाल्यानं दारातून हाकललं होतं, तो सकाळी चहा घेऊन आला. बिलोलीकडचे आमचे दोन सोयरे मोटारसायकलवरून आले आणि त्याला शेतात न्यायचं म्हणून अडून बसले. स्वतः अण्णा संध्याकाळी माझ्या घरी आले. त्याआधी ते कधी आले नव्हते. चहा नको म्हणाले आणि मला बाजूला घेतलं.

"सर, खरं सांगा. मैदानात पाणी लागलंय का?"

"अण्णा, तो भेगा बुजवतोय."

"तुम्ही झाकून राहिला. शेजारच्या तालुक्यानं तर त्याला फोडलं न्हाई ना?"

ते गेल्यावर मी माडीवर गेलो. सूर्य नुकताच बुडाला होता, गच्ची अजून तापलेली होती. तो गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मी खाली बसलो आणि सरळ विचारलं, "तू खरंच युरोपात खेळलास का? असशील तर तुझं नाव कुठंच का नाही?"

त्यानं तेलाची बाटली बाजूला ठेवली. मग त्यानं मला दुसरंच एक नाव सांगितलं. "ये नाम डाल के देखो."

आणि त्यानं जे सांगितलं ते असं. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा एका दलालानं त्याला रस्त्यावर खेळताना बघितलं. युरोपात नेतो म्हणाला, पण एकोणीस म्हणजे म्हातारा. तिकडं सोळाचा पाहिजे. दलालानं त्याला नवं नाव, नवं वय आणि नवा पासपोर्ट करून दिला. तो पासपोर्ट दलालाच्याच खिशात राहिला. पहिला क्लब मोल्दोव्हात. तिथं त्यानं पहिल्यांदा बर्फ बघितला. बुटांत वर्तमानपत्र कोंबून खेळायचा. तिथं चांगला खेळला म्हणून बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबानं घेतलं. तिथली दोन वर्षं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. लोक दुकानात थांबवून हात मिळवायचे. फक्त ज्या नावानं हाका मारायचे, ते त्याचं नव्हतं. एकदा मैदानात मागून सोबती नावानं ओरडत होते, पाय सांभाळ म्हणून, आणि हा वळलाच नाही, कारण ते नाव आपलं आहे हे त्या क्षणी ध्यानातच आलं नाही.

"मग?"

"मग संशय सुरू झाला," तो इंग्रजीत म्हणाला. त्याच्या दाढीकडं बघून प्रशिक्षक विचारायचा. क्लबाच्या डॉक्टरनं मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांवरून वय काढतात म्हणे. पक्कं काही निघालं नाही, पण करार पुढं गेला नाही. तिथून सायप्रसला. तिथं त्याच्या क्लबाचं एक सरावाचं मैदान होतं, वरून हिरवं, आतून पोकळ. त्याचा पाय एका खड्ड्यात गेला आणि गुडघा फिरला. दलालाला फोन लावला तर दलालानं उचलला नाही. पासपोर्ट त्याच्याकडंच. हा लंगडत दूतावासात गेला आणि तिथं आपलं खरं नाव सांगितलं. खऱ्या नावाचा पासपोर्ट मिळाला, पण त्या नावानं तो कधी कुठं खेळलेलाच नव्हता. गुडघा बरा झाल्यावर तो खऱ्या नावानं क्लबांच्या दारांत उभा राहिला, तेव्हा लोक विचारायचे, या वयाचा खेळाडू आणि आजवर कुठं होतास? त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. मग ढाका, मग केरळातल्या सात-सात खेळाडूंच्या स्पर्धा, मग हैदराबाद, आणि आता आमची माडी.

खाली येऊन मी आणि बायकोनं मोबाईलवर ते नाव टाकलं. बेल्जियमच्या संघाचा एक फोटो निघाला. मागच्या रांगेत एक लुकडा पोरगा, डोक्यावर भरपूर केस. मला ओळखू येईना. बायकोनं फोटो मोठा करून बघितला.

"तोच आहे. कान बघा की. डाव्या कानाची पाळी फाटलीय."

मला एकदम बरं वाटलं. पण बायको तशीच मोबाईल धरून बसली होती.

"म्हणजे तिकडं खोटं नाव सांगून खेळला," ती म्हणाली. "मग इथं खरं बोलतोय कशावरून?"

हे सगळं बाहेर सांगावं तर खोट्या पासपोर्टची गोष्ट जमादारापर्यंत जाणार. न सांगावं तर गाव त्याला भामटा म्हणत राहणार. मी गप्प राहिलो. तोही तेच करत आला होता बहुतेक.

स्पर्धा सुरू झाल्या. पहिल्या सामन्यांत तो फारसा पळालाच नाही. मैदानाच्या मध्ये उभा राहून चेंडू यायच्या आधी मान वळवून सगळीकडं बघून घ्यायचा आणि एका स्पर्शात चेंडू असा पुढं सरकवायचा की आमच्या गॅरेजवाल्या कप्तानाला नुसतं पळत जाऊन मारायचं उरे. आम्ही धर्माबादच्या संघाला हरवलं, शिरूर अनंतपाळच्या पोरांना हरवलं. कप्तान मला म्हणाला, "सर, हा माणूस खोटा असंल तर असू द्या. चेंडू खरा देतो." पण बघणाऱ्यांना पळणारा, उड्या मारणारा युरोपवाला पाहिजे होता. ते म्हणायचे, नुसता उभा राहायला आणलाय का?

अंतिम सामना शेजारच्या तालुक्याच्या संघाशी होता. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मैदानावर गेलो तर मध्यवर्तुळाच्या जरा पुढं, जिथं त्यानं दगड ठेवले होते, तिथं कुणीतरी खोदून ठेवलं होतं. चांगला पुरुषभर खोल खड्डा, बाजूला मातीचा ढीग. पाण्यासाठी खोदला की धनासाठी, कोण जाणे. खाली कोरडी माती आणि मुरूम, दुसरं काही नाही.

तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "मॅच नक्को," तो म्हणाला. "किसी का पाँव जाएगा."

अण्णा आले. त्यांनी खड्डा बघितला आणि आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. तो खड्डा आम्हीच खोदला असा अर्थ त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होता. लातूरहून पाहुणे निघालेले, मांडव उभा, भोंगे लावलेले. सामना रद्द करायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ट्रॅक्टरनं माती लोटून घेतली, वरून मुरूम पसरला, रोलर दोनदा फिरवला. वरून सारखं दिसायला लागलं. त्यानं जाऊन टाच आपटली आणि नकारार्थी मान हलवली. पंचाला सांगून बघितलं. पंच म्हणाला, मला तर काही दिसत नाही.

मला वाटलं तो खेळणार नाही. पण त्यानं बूट बांधले.

सामना सुरू झाला आणि तो जाऊन बरोबर त्या जागेवर उभा राहिला. तिथून हलेना. चेंडू आला तर तिथूनच पुढं द्यायचा. आमच्यापैकी कुणी त्या बाजूनं पळत आलं की हात करून लांबून जायला लावायचा. समोरच्यांचा एक पोरगा वेगानं सरळ त्याच्याकडं आला, तर त्यानं त्याला दोन्ही हातांनी अडवून बाजूला ढकललं. पंचानं शिट्टी मारली, पिवळं कार्ड दाखवलं. समोरच्यांना वाटलं, काहीतरी डाव आहे. ते त्या जागेकडं मुद्दाम यायला लागले. हा पुन्हा आडवा.

मध्यंतरात मी त्याच्याजवळ गेलो. त्याचे बूट घोट्यापर्यंत मुरमात रुतलेले होते. जागा खाली बसायला लागली होती.

"बाहेर ये," मी म्हणालो. "तुझा गुडघा..."

"मेरे को मालूम है किधर पाँव रखना. उनको नहीं मालूम."

उत्तरार्धात त्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन त्याच्या हातभर अंतरावरून गेला. एक पाऊल टाकलं असतं तर चेंडू अडला असता. ते पाऊल टाकलं असतं तर मागून धावत येणारे दोघं मोकळ्या झालेल्या जागेवरून गेले असते. तो हलला नाही. त्या खेळाडूनं पुढं जाऊन गोल मारला. सामना तिथंच संपला म्हणायचा. आमच्याकडून पुढं काही झालं नाही.

"इकला ग्येला! इकला ग्येला!" मांडवाच्या बाजूनं ओरडा सुरू झाला. चपला आल्या, पाण्याचे रिकामे पाऊच आले. अण्णा पाहुण्यांशेजारी बसले होते, त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पाहुणे मात्र भाषणात मैदान उत्तम आहे म्हणाले.

मी त्याला बाजार समितीच्या मागच्या दारानं बाहेर काढलं आणि मोटारसायकलवर बसवलं. घरी बॅग घेतली. बायकोनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तिनं विचारलं, "पैसे घेतले का हो तुम्ही त्यांचे?" हिंदीत विचारलं, त्याच्या तोंडावर. मला लाज वाटली.

तो चिडला नाही. "नक्को भाभी," म्हणाला, आणि बूट काढून दाखवला. बुटात मुरूम भरलेला होता, आणि मोजा मुरमानं गुडघ्यापर्यंत लाल. गुडघ्यावर लिंबाएवढी सूज आली होती. बायको उठली आणि हळद तापवायला गेली.

तसेच मोटारसायकलनं आम्ही नांदेडला गेलो. स्टेशनवर गाडीला वेळ होता. मी त्याला म्हटलं, मी गावात सगळं सांगतो, खड्ड्याचं, तुझ्या क्लबांचं. तो म्हणाला खड्ड्याचं सांगा, क्लबांचं नको. गाडी आली तेव्हा त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्याकडं बघताना तेव्हाही माझ्या मनात एक बारीक किडा वळवळला, की यानं खरंच पैसे घेतले असतील तर? तो किडा मी तिथं स्टेशनवर मारू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी कप्तानाला घेऊन मैदानावर गेलो. त्याच्या हातात पहार दिली आणि जागा दाखवली. त्यानं दोन हातांनी दाबली तशी पहार मूठभर उरेपर्यंत आत गेली. कप्तानानं पहार उपसून काढली. मग त्यानं गॅरेजातून दोघं बोलावले, खड्डा पुन्हा उकरला आणि दगड घालून, चोपून भरला. गावात त्यानं सगळ्यांना सांगितलं. काहींना पटलं. बाकीचे म्हणाले, कप्तानालाही वाटा मिळाला असंल.

दोन पावसाळ्यांनंतर मला एका परदेशी नंबरवरून फोन आला. तो त्याच्या गावी परतला होता. एका शाळेच्या मैदानावर पोरांना शिकवत होता, स्वतःच्या नावानं. गुडघा थंडीत दुखतो म्हणाला, पण तिथं थंडीच पडत नाही. मी विचारलं, तिकडं दलाल येतात का अजून?

"रोज येतात," तो इंग्रजीत म्हणाला. "मी त्यांना मैदानाच्या कडेला बसवतो. आधी त्यांचा पासपोर्ट मागतो, बराच वेळ उलटून-सुलटून बघतो. निम्मे तिथूनच पळतात."

मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. तो कुणाला तरी नावानं ओरडला, आणि मला थांबायला सांगून गेला. फोन चालूच राहिला. मी बराच वेळ तो कानाला लावून ऐकत बसलो.